मधल्या सीटवरचा धाकटा

दुबईत आमच्या अल बर्शातल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सकाळी कधी कधी उदाचा वास रेंगाळत असतो. तो लावून निघालेलं माणूस केव्हाच खाली उतरून, गाडीत बसून, मोठ्या रस्त्याच्या गर्दीत मिसळून गेलेलं असतं. मागे राहतो तो नुसता वास. देवघरातल्या धुपासारखा तो सात्त्विक नाही, अत्तरासारखा उथळ तर मुळीच नाही. जुन्या लाकडी पेटीत कुणी ऊन जपून ठेवावं आणि ती पेटी आज उघडावी, तसा काहीसा. परवा तो इतका दाट होता की माझा मजला आला, दार उघडलं, मिटलं, तरी मी आतच उभी; लिफ्ट मला घेऊन पुन्हा खाली निघाली. वर आले तेव्हा मुलगी दारात उभी होती. "आई, आर यू ओके? व्हेअर वेअर यू?" मी म्हटलं, "जरा एका घरी जाऊन आले गं." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आपल्या लॅपटॉपकडे वळली. आईच्या अशा बोलण्याची तिला सवय आहे.

ते घर समुद्राजवळ होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मिरजेहून फिजिओथेरपीचं शिक्षण घेऊन, लग्न करून मी दुबईत आले होते. नवरा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत, आमची खोली बर दुबईत देवळाच्या गल्लीजवळ, आणि माझी नोकरी एका दवाखान्यात. काही रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नसत, त्यांच्या घरी मला पाठवलं जाई. अशीच एका दुपारी मला न्यायला पांढरी गाडी आली. चालवणारे चाचा श्रीवर्धनकडचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. पण बंगल्याचं फाटक दिसू लागलं तसे ते हळूच म्हणाले, "ताई, एक सांगू? आत गेल्यावर गाडीचं नाव काढू नका. कुठल्याच गाडीचं."

कारण त्यांनीच परतीच्या वाटेवर सांगितलं. त्या घरात दोन मुलगे. थोरला घरच्या खजुराच्या बागेवरून परत येत होता, अल ऐनच्या रस्त्यावर. भर दुपारची वेळ, सरळसोट रस्ता, दोन्हीकडे वाळू. एकटाच होता. चाक हातात असतानाच त्याचा डोळा लागला. तो गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. आणि मग वसंतात, घर अजून सावरत असताना, धाकट्यानं गाडी आणली. साधीसुधी नव्हे, त्या काळी जगातली सगळ्यात वेगवान म्हणून गाजणारी. ती ट्रकमधून अंगणात उतरत होती तेव्हा आई आवाज ऐकून बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, मुलाकडे पाहिलं, मागे वळली, आणि संगमरवरी पायरीवर तिचा पाय गेला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. शस्त्रक्रिया झाली, प्लेट घालून हाड जुळलंही. पण ती पलंगावरून उठेना. "डॉक्टर म्हणतात, हाड ठीक आहे," चाचा म्हणाले. "आता तुम्ही बघा. मायलेक एका घरात राहतात, पण त्या दिवसापासून बोलत नाहीत."

त्या बाईंना सगळे थोरल्या मुलाच्या नावानं, अमक्याची आई अशी हाक मारत. तिकडे रीतच तशी. मुलगा गेला तरी हाक तीच राहिली, दिवसातून कितीदा तरी. मला ते नाव घेऊन हाक मारवेना. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. त्यांना मोडकं हिंदी येई. लहानपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला आल्या होत्या, त्या वेळचं. क्रियापदं कशीही, लिंग-वचनाचा पत्ता नाही, पण त्यांच्या मनातलं सगळं त्या भाषेत मावत असे. पहिल्या दिवशी त्यांनी मला इतकंच सांगितलं, "तुम अच्छा लडकी है. पण हम नहीं उठेगा. तुम गाहवा पियो, घर जाओ." मी गाहवा प्यायले. ती वेलदोड्याची, पिवळसर, बिनदुधाची कॉफी मला तेव्हा अजिबात आवडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

माणसाचं शरीर मोठं अजब असतं. मन नाही म्हणत असतानाही ते कशाची तरी आस धरून बसतं, आणि आमच्यासारख्यांचं कामच ती आस कुठे आहे हे शोधण्याचं. खालांची आस मला नमाजाच्या वेळी सापडली. त्या पलंगावर बसून नमाज पढत, आणि जिथे कपाळ जमिनीला टेकायचं तिथे नुसती मान झुकवत. त्या क्षणी त्यांचा हात गालिच्याच्या दिशेनं किंचित पुढे जाई आणि मागे येई. मी म्हटलं, "खाला, कपाळ खाली टेकवायचंय ना? मग आधी खुर्चीवरून उठायला शिकू, मग स्टुलावरून, मग त्याहून बुटक्या स्टुलावरून. एक दिवस गालिचा येईल." मग पायावरचं पांघरूण त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केलं.

तेव्हापासून आमचं जमलं. उन्हाळा चढत गेला, बाहेरची हवा भट्टीसारखी झाली, आणि आत पडदे ओढलेल्या मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या दालनात, आम्ही दोघी उठत-बसत राहिलो. कोपऱ्यातल्या धुपाटण्यात उद जळत असे. माझ्या आईनं मिरजेहून कुणाबरोबर तरी डिंकाचे लाडू पाठवले होते, ते मी एकदा घेऊन गेले. म्हटलं, आमच्याकडे हाडांसाठी देतात. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाल्या, "खजूर तो हमारा है." मी म्हटलं, "हो, पण डिंक आमचा." "सम्ग? वो भी हमारा पेड में होता." शेवटी तूप तेवढं माझ्या आईच्या वाट्याला आलं. त्या दिवशी त्या प्रथमच हसल्या. तिकडच्या जुन्या बायका लावतात त्या सोनेरी कापडी मुखवट्याआडून हसू दिसत नाही, पण डोळ्यांच्या कडा दुमडल्या की कळतं.

धाकटा मात्र त्या दालनात कधी येत नसे. मी निघाले की व्हरांड्यात उभा असे. तिशीचा, उंच, इंग्रजीतून अतिशय मृदू बोलणारा. "डॉक्टर, आज किती चालली?" एवढंच विचारी. मी डॉक्टर नाही हे मी सांगणं सोडून दिलं होतं. एकदा त्याच्या मागे, गॅरेजच्या अर्धवट उघड्या दारातून मला ती गाडी दिसली. मला गाड्यांतलं काही कळत नाही, तरी पाय थबकले. रुपेरी, बुटकी, पाण्यातून नुकता काढलेला मासा असावा तशी. "बघायचीय?" त्यानं विचारलं, आणि दार उघडलं. ते बाजूला उघडलंच नाही. पक्ष्यानं पंख उचलावा तसं वर गेलं. आत पाहिलं तर चाक मधोमध. चालवणारा मध्ये बसायचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जराशी मागे, एकेक सीट. मागचं झाकण उचलून त्यानं इंजिन दाखवलं, तर त्याच्या भोवती खऱ्या सोन्याचा वर्ख. उष्णता परतवायला सोन्यासारखं काही नाही म्हणे.

"ही मी घेतली नाही," तो एकदम म्हणाला. त्याचा हात अजून झाकणावर होता. "माझ्या भावानं मागवली होती. या गाड्या हातानं घडवतात, फार वेळ लागतो. तो गेला, आणि मग ही आली. त्यानं तीन सीट्स बघून हीच निवडली. म्हणायचा, मी मध्ये, एकीकडे तू, एकीकडे आई. दुसऱ्या कुठल्याच गाडीत असं बसता येत नाही." मी विचारलं, हे त्यांना माहीत आहे? त्यानं नकारार्थी मान हलवली. "तिला वाटतं मी आणली. वाटू दे. माझ्यावर रागावलेली बरी. त्याच्यावर कशी रागावेल?"

परक्याच्या घरातलं दुःख म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली भांडी. मदत करायला जावं तर कुठली कुठे ठेवायची हेच कळत नाही. मी एवढंच म्हटलं, "पण त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मी उठता-बसता बघते ना, बाहेर तुमची पावलं वाजली की त्यांचा हात थांबतो."

त्या उन्हाळ्यात तो फ्रान्सला जाऊन आला. तिथल्या एका गावात दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. जो सगळ्यात वेगानं धावेल त्याची नव्हे, तर जो एवढा वेळ न मोडता, न थांबता धावत राहील त्याची. ही गाडी शर्यतीसाठी घडवलेलीच नव्हती. तिच्या कर्त्याला ती रस्त्यावरचीच हवी होती. काही गाडीमालकांनी फार गळ घातली तेव्हा कुठे त्यानं ती शर्यतीला सजवून दिली. समोर केवळ शर्यतीसाठीच जन्माला घातलेल्या गाड्या. दोघा भावांनी ती शर्यत एकत्र बघायचं ठरवलं होतं, आणि धाकटा एकटाच जाऊन उभा राहिला. परत आला तो एक व्हिडिओ कॅसेट घेऊन.

त्या दुपारी आम्ही बुटक्या स्टुलावर पोहोचलो होतो. दार वाजलं आणि तो आत आला. त्यानं कॅसेट लावली आणि भिंतीपाशी, आईपासून दूर, खाली बसला. खालांनी तोंड फिरवलं. मला म्हणाल्या, "चलो, फिर से." त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, आणि उभ्या असतानाच त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे पाऊस पडत होता. साधासुधा नव्हे, आपल्याकडे आषाढात कोसळतो तसा. रस्त्याचा आरसा झालेला, आणि त्या पाण्यातून गाड्या धुराचे लोट उडवत जात होत्या. धूर कसला, पाणीच ते. वाळवंटात जन्म काढलेली ती बाई स्टुलावर बसायचंच विसरली.

"इसको पूछो," त्या मला म्हणाल्या, मुलाकडे न बघता, "ये बारिश में बंद नहीं करते?"

मी मुलाकडे पाहिलं. तो मला म्हणाला, "त्यांना सांगा, नाही. पाऊस असो, रात्र असो, थांबत नाहीत."

गंमत बघा. एका दालनात आई आणि मुलगा, दोघांची भाषा एक, आणि मध्ये मी मिरजेची, तिसऱ्याच भाषेतून त्यांचे निरोप पोहोचवत होते. "इसको पूछो, अंदर कितना आदमी?" सांगा, एका वेळी एक. पण एका गाडीला तिघे असतात, आळीपाळीनं चालवतात. एक थकला की दुसरा बसतो. पडद्यावर तेव्हा तेच चाललं होतं. गाडी थांबली होती, एक जण बाहेर पडत होता आणि दुसरा आत शिरत होता. उतरलेला माणूस पावसात वाकून आत बसलेल्याचे पट्टे आवळून देत होता. खाला एकटक बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मेरा अकेला था."

तो निरोप मी पोहोचवला नाही. पोहोचला होता.

नंतर ऊन पडलं, रस्ता वाळला, आणि धाकट्याच्या गाडीच्याच घडणीच्या एका काळ्या गाडीनं रेषा ओलांडली. पहिल्याच प्रयत्नात पहिली. तिच्या मागोमाग तिच्याच जातीच्या आणखी गाड्या. माणसं नाचत होती, झेंडे हलत होते, बाटल्या फसफसत होत्या. धाकट्यानं ते सगळं पुन्हा बघताना नकळत मूठ वळली होती. खालांना त्यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, आणि या वेळी इसको पूछो म्हणाल्या नाहीत. थेट त्याच्याकडे वळून, अरबीत विचारलं. शब्द मला कळले नाहीत, पण अर्थ त्यानं मला नंतर सांगितला. त्यांनी विचारलं होतं, "सगळे परत आले का?"

तो म्हणाला, "हो, आई. काही गाड्या मोडल्या, काही आपटल्या. माणसं सगळी परत आली." आणि मग तो बोलतच गेला. अरबीत, खाली मान घालून, थांबत थांबत. त्यात थोरल्याचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. मी समजले की तो गाडीची खरी हकिकत सांगतोय. एकदा त्यानं दोन्ही हात बाजूंना पसरून तीन सीट्स दाखवल्या. खाला स्टुलावर ताठ बसून होत्या. त्याचं बोलणं संपलं. मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा तो अजून भिंतीपाशी होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या, पण त्या बघण्यात आता पूर्वीची धार नव्हती.

वाचकहो, अशा प्रसंगानंतर मिठ्या आणि आसवं यावीत असं आपल्याला वाटतं. तसलं काही झालं नाही. खाला जास्तच गप्प झाल्या. धाकटा मात्र आता व्यायामाच्या वेळी येऊन बसू लागला, आणि त्या त्याला बसू देऊ लागल्या. उन्हाळा ओसरला. पानगळ या देशात नाही. इथे ऋतू बदलतो तो फक्त सकाळच्या हवेत. अशाच एका सकाळी खालांनी गालिच्यावर गुडघे टेकले, पुढे वाकल्या, आणि त्यांचं कपाळ जमिनीला लागलं. किती तरी वेळ त्या तशाच होत्या. मी बाजूला उभी. मग तळवे दाबून, एकेक पाय सावरत, माझा हात न घेता त्या उठल्या.

आणि मला म्हणाल्या, "अब वो गाडी दिखाओ."

गाडीभोवती त्या काठी टेकत एक फेरी मारून आल्या. सोन्याचा वर्ख बघून म्हणाल्या, "सोना औरत के गले में अच्छा. इसमें क्या काम?" पण बोलता बोलता त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, ताप बघायला मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग डाव्या सीटकडे बोट केलं. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "आई, कुठे जायचंय?"

"जिधर वो सोया. उधर," त्या मलाही कळावं म्हणून हिंदीतच म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत खालांनी माझा हात धरला. "ये भी आएगा. हम उठ नहीं सका तो कौन उठाएगा?"

अशी मी त्या गाडीत बसले. मधोमध धाकटा, त्याच्या डाव्या खांद्यामागे त्याची आई, उजव्या खांद्यामागे मी, मिरजेची, पर्स मांडीवर घट्ट धरून. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीतून आम्ही निघालो ते उंटाच्या चालीनं. अल ऐनच्या रस्त्यावर आम्हाला ट्रक मागे टाकून जात होते, पाण्याचे टँकर मागे टाकून जात होते. मागून येणाऱ्या एका पिकअपमधल्या माणसांनी हॉर्न वाजवला, जवळ येऊन पाहिलं, आणि अशी गाडी असं का चालली आहे हे न उमगून बराच वेळ मागे वळून बघत गेली. धाकट्याची नजर रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर.

एका ठिकाणी त्यानं गाडी कडेला घेतली. दार पंखासारखं वर गेलं. त्या सीटवरून उठणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरून उठणं. मी धावत त्या बाजूला गेले, तो हात पुढे करून उभा राहिला. खालांनी दोघांचेही हात बाजूला सारले. पाय बाहेर काढले, कडेवर तळवे रोवले, मान पुढे घेतली, जशी मी रोज सांगत आले होते तशी, आणि उभ्या राहिल्या.

समोर वाळू होती. थोडी झुडपं, दूर एक गाफचं झाड, त्याच्या सावलीत दोन-तीन शेळ्या. मोडक्या कुंपणाची तार. वारा वाळूवर बारीक रेघा ओढत होता. खाला आधी डावीकडे बघत होत्या, मग उजवीकडे, मग पायाखाली. काहीतरी शोधत होत्या. ती जागा त्यांनी मनात किती भयंकर रंगवली असेल, कुणास ठाऊक.

"यही है?" त्यांनी विचारलं.

"हीच, आई."

"इधर तो कुछ भी नहीं है," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल होतं. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि धाकटा पुढे होऊन त्यांना धरून उभा राहिला. या वेळी त्यांनी त्याचा हात सारला नाही. मी गाफच्या झाडाकडे तोंड करून शेळ्या बघत राहिले.

त्यांनी दुआ मागितली, डोळे पुसले आणि परत गाडीत बसल्या. थोडं अंतर त्याच चालीनं गेल्यावर त्यांनी आपला हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या. त्यानं विश्वास न बसून मान वळवली. "काय म्हणतात?" मी विचारलं. "म्हणते, त्यानं चालवली असती तशी चालव. थोडी." समोर रस्ता मोकळा होता. पुढचे काही क्षण मला नीट सांगता येणार नाहीत. पाठीमागून एक खोल गर्जना उठली, पाठ सीटमध्ये रुतली, आणि वाळवंट दोन्ही बाजूंनी पिवळ्या पाण्यासारखं वाहू लागलं. मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा खालांचा हात अजून त्या खांद्यावर होता आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा दुमडलेल्या होत्या. "बस," त्या म्हणाल्या, "खलास. अब घर." त्यानं लगेच वेग कमी केला.

त्यानंतर लवकरच माझं त्या घरचं काम संपलं. बरं झालेल्या रुग्णाकडे आमच्या माणसाला जायला कारण उरत नाही, ही या धंद्यातली एक गोड खंत. ईदेला चाचांच्या हातून खजूर येत राहिले. धाकट्याचं लग्न झालं, तेव्हा खाला बायकांच्या घोळक्यात काठीशिवाय हिंडत होत्या. नवं शतक उजाडल्यावर, दोन-तीन वर्षांनी, त्या झोपेतच गेल्या. मी भेटायला गेले तर धाकट्यानं सांगितलं, गाडी अजून आहे, क्वचितच काढतो, पण दर आठवड्याला तिचं इंजिन सुरू करून थोडा वेळ शेजारी उभा राहतो.

त्या वर्षी आम्ही अल ऐनला निघालो होतो, नवरा, मुलगी आणि मी. रस्ता किती तरी रुंद झाला होता. मध्ये खजुरांची रांग, कडेला नवं कुंपण, दिव्यांचे खांब. मी खिडकीशी बसून एकेक गाफ बघत होते. प्रत्येक झाड तेच वाटे आणि एकही नसे. "काय शोधतेस?" नवऱ्यानं विचारलं. मी सांगणार होते. पण मागे मुलगी झोपली होती, रस्ता सरळ होता, दुपार कलली होती, आणि तो सकाळपासून एकटाच चालवत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "पुढचा पेट्रोल पंप आला की थांब. चहा घेऊ, आणि मग मी चालवते."